रानांतील औषधी आणि कर्करोग

छत्रपति संभाजीनगराहून पैठणच्या वाटेनें निघालें म्हणजे कांहीं कोसांवर चितेगांव लागतें. पैठण म्हटलें कीं आपल्या मनांत नाथांचा वाडा, गोदेचा घाट आणि पैठणीचा जरतारी पदर उभा राहतो. चितेगांवाला असें कांहीं वलय नाहीं. गेल्या कांहीं दशकांत तेथें कारखाने आले, वस्ती वाढली, आणि ज्यांचे वडील नांगरामागें चालले त्यांचीं मुलें पाळीवर जाऊं लागलीं. तरी कारखान्यांच्या भिंतींपलीकडे अजून शेतांचे बांध आहेत. आणि पावसाळा लागला कीं त्या बांधांवर तरोटा, आघाडा, पुनर्नवा, भुईआवळी, माका हीं सारीं कोणी न बोलावतां आपापल्या जागीं उगवून येतात. निंबावर गुळवेल चढते. पडीक जमिनींतल्या रुईला आणि धोतऱ्याला तर कोणी विचारीतहि नाहीं.

मी वनस्पतिशास्त्राचा जुना शिक्षक. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत या बांधांवरून हिंडत असतांना माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आतां तो तेथेंच एका कारखान्यांत कामाला असतो. त्याच्या खिशांत वर्तमानपत्राचें एक कात्रण होतें. एका रानटी वनस्पतीच्या अर्कानें कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात, शिवाय त्या अर्कांत अँटिऑक्सिडंट गुण विपुल आहेत, अशी ती बातमी होती. आणि ती वनस्पति म्हणजे आघाडा. "सर, हा आपल्या बांधावरचाच ना?" त्यानें विचारलें. शिक्षकाला असा प्रश्न विचारणारा भेटला कीं त्याच्यासारखा सुखी प्राणी दुसरा नाहीं! मीं त्याला आघाडा दाखविला, त्याचीं उलटीं वळलेलीं फळें धोतराला कशीं चिकटतात तें दाखविलें, गणेशचतुर्थीच्या पत्रींत त्याचा मान कोणता तें सांगितलें, आणि अर्धा तास बोलून मोठ्या समाधानानें घरीं आलों. हें सारें त्याला कशासाठीं हवें आहे, एवढा एकच प्रश्न मीं विचारला नाहीं.

तो प्रश्न न विचारल्याचें फळ मला मार्गशीर्षांत कळलें. त्याच्या आईच्या छातींत गांठ होती. तिनें ती कोणाला दाखविली नव्हती. मुलाला सांगितली तीहि संकोचानें. चार महिने ती माउली रोज सकाळीं आघाड्याचा काढा घेत होती. गांठ वाढली, काखेंत उतरली, तेव्हां कोठें तिला शहरांतल्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. मी भेटावयास गेलों त्या दिवशीं तिच्या शिरेंतून थेंब थेंब औषध चाललें होतें. बाटलीकडे बोट करून तिनें विचारलें, "गुरुजी, हें कशाचें?" मीं सांगितलें कीं मुळांत हें एका झाडाच्या सालींतून निघालेलें आहे. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हेंहि झाडाचेंच, आणि तोहि झाडाचाच. मग आमच्या आघाड्यानें काय घोडें मारलें होतें?"

प्रश्न अडाण्याचा नव्हता. आपल्यासारख्या शिकलेल्या घरांतहि तो नित्य विचारला जातो. केवळ शब्द निराळे असतात. आजच्या भाषणांत मला त्या एका प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे.

प्रथम त्या कात्रणांतला एक शब्द घेऊं. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारें द्रव्य. चिरलेलें वांगें उघडें राहिलें कीं काळें पडतें, तेल खवट होतें, विळा गंजतो. हे सर्व हवेंतल्या प्राणवायूचे पराक्रम. वांग्यावर लिंबू पिळलें तर रंग टिकतो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आपल्या शरीरांतहि अन्नाचें ज्वलन चालू असतां कांहीं उपद्व्यापी कण निर्माण होतात. ते पेशींतील नाजूक घटकांना डसतात, आणि त्यांतून पुढें कर्करोगाला वाट मिळूं शकते. मग लिंबानें वांगें राखलें तसें वनस्पतींतील द्रव्यांनीं शरीर राखावें, ही कल्पना सहज सुचते, आणि ती मुळांत वेडगळ नाहीं.

प्रयोगशाळेंत या गुणाची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. डी.पी.पी.एच. या नांवाचें एक द्रव्य मद्यार्कांत विरघळविलें म्हणजे गर्द जांभळा रंग येतो. त्यांत पाल्याचा अर्क घालावा. जांभळा रंग उतरून पिवळट झाला कीं अर्क उत्तीर्ण. अर्ध्या तासाचें काम. आणि विद्यार्थ्यांना तें फार आवडतें, कारण निकाल डोळ्यांनीं दिसतो. परंतु या परीक्षेंत उत्तीर्ण कोण होत नाहीं? चहा होतो, आवळा होतो, डाळिंबाची साल होते, आणि बांधावरचा बहुतेक पालाहि होतो. उन्हांत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला स्वतःच्या रक्षणासाठीं अशीं द्रव्यें बनवावींच लागतात. कांचेंतला जांभळा रंग उडाला एवढ्यावरून माणसाच्या देहांतला रोग हटेल असें म्हणणें म्हणजे न्हाणीघरांत गळा चांगला लागला म्हणून मैफलीचें आमंत्रण स्वीकारण्यासारखें आहे.

आणि मैफल झाली नाहीं असें नाहीं. फिनलंड देशांत २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी परीक्षा घेण्यांत आली. गाजराला रंग देणारें बीटा-कॅरोटीन हें ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य त्यांतील कांहींना रोज कित्येक वर्षें दिलें. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल ही अपेक्षा. १९९४ सालीं निकाल आला: ज्यांना तें द्रव्य दिलें होतें त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक! अमेरिकेंत १८,३१४ लोकांवर तशीच दुसरी परीक्षा चालली होती. तींत बीटा-कॅरोटीनच्या जोडीला अ-जीवनसत्त्व होतें. तेथें प्रमाण २८ टक्क्यांनीं अधिक दिसूं लागलें, आणि जानेवारी १९९६ मध्यें ती मुदतीपूर्वींच थांबवावी लागली. याचा अर्थ गाजर खाऊं नये असा मुळींच नाहीं. भाजी, फळें, पालेभाज्या खाव्यात. परंतु जेवणांतल्या द्रव्याचा एक अंश वेगळा काढून, मोठ्या मात्रेनें गिळून, तो औषधाचें काम करील हें गृहीत धरूं नये, एवढाच याचा अर्थ.

आतां कात्रणांतील दुसरा भाग: अर्कानें कर्करोगाच्या पेशी मेल्या. हेंहि खोटें नसतें. जगांतील प्रयोगशाळांत माणसाच्या कर्करोगाच्या पेशी कांचपात्रांत वाढवून ठेवलेल्या असतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पेशी १९५१ सालीं मरण पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या देहांतल्या. ती स्त्री गेली, पण तिच्या गांठींतल्या पेशी आजतागायत वाढत आहेत. अशा पेशींवर अर्क टाकतात आणि किती मेल्या तें मोजतात. परंतु कांचपात्रांतल्या पेशी मारणें ही फार मोठी मर्दुमकी नव्हे. साबणाचें पाणी त्या मारतें, रॉकेल मारतें, नुसतें मीठ पुरेसें घातलें तरी मारतें. प्रश्न मारण्याचा नाहीं. निवडून मारण्याचा आहे. शेजारच्या निरोगी पेशीला हात न लावतां रोगट पेशी गांठावयाची, हें खरें कसब.

शिवाय कांचेंत अर्क पेशीवर सरळ पडतो. माणसानें काढा प्याला तर त्याचा प्रवास कसा होतो पहा. जठरांतील अम्ल, आंतड्याची भिंत, मग यकृत. यकृत तर परक्या द्रव्यांचा जकातदारच. तें निम्मेंशिम्में मोडून टाकतें. उरलेलें सर्व रक्तांत मिसळतें, आणि त्यांतला लवमात्र अंश गांठीपर्यंत पोचला तर पोचतो. हळदीचें उदाहरण घ्या. तींतील पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, कांचपात्रांत असंख्य चमत्कार करून दाखवितें. परंतु तें आंतड्यांतून नीट शोषलें जात नाहीं आणि शरीरांत टिकतहि नाहीं. रसायनशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं त्याचा जो सविस्तर आढावा घेतला, त्यांत माणसांवरच्या काटेकोर परीक्षांत तें यशस्वी ठरल्याचें त्यांना आढळलें नाहीं. हळद त्यामुळें स्वयंपाकघरांतून हद्दपार होत नाहीं. फक्त दवाखान्यांतली तिची खुर्ची अजून रिकामी आहे.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे झाडपाला हें सारें थोतांड! तर तसें नाहीं, आणि येथेंच खरी गोष्ट सुरू होते.

आपल्या परसांतली सदाफुली सर्वांच्या परिचयाची आहे. मूळची ती मादागास्करची, पण आतां घरचीच झालेली. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो असा निरनिराळ्या देशांत समज होता. १९५२ सालीं जमैका बेटांतून तिचीं थोडीं पानें कॅनडांतील रॉबर्ट नोबल या संशोधकाच्या हातीं आलीं. त्यांनीं उंदरांना काढा पाजला; रक्तांतील साखर तसूभरहि हलली नाहीं. सुईनें टोचला, तेव्हां उंदीर मधुमेहानें नव्हे तर जंतुसंसर्गानें दगावले. कां? पाहतात तों त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा झालेल्या. दुसरा एखादा असता तर प्रयोग फसला म्हणून वही मिटून बसला असता. नोबल व त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनीं विचार केला कीं, जें द्रव्य पांढऱ्या पेशी नाहींशा करतें तें ज्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगावर चालेल. १९५८ सालापर्यंत त्यांनीं तें द्रव्य वेगळें काढलें. अमेरिकेंतील एली लिली कंपनीच्या संशोधकांनाहि त्याच सुमारास त्याच झाडांत तो मार्ग सांपडला. व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन हीं तीं औषधें. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टिन आजहि अवश्य असतें, आणि जो रोग एकेकाळीं मृत्युपत्र समजला जाई त्यांतून योग्य उपचार मिळालेलीं बहुतेक मुलें आज बरीं होतात.

मात्र ध्यानांत घ्या: काढ्याची ख्याति मधुमेहासाठीं होती, आणि औषध निघालें तें कर्करोगाचें. शिवाय व्हिनक्रिस्टिन पानांत इतकें अल्प असतें कीं शेंकडों किलो वाळल्या पाल्यामागें एखादा ग्रॅम हातीं लागतो. उलटपक्षीं सदाफुलीचीं पानें विषारी आहेत. तीं चघळणाऱ्याला औषधाची मात्रा मिळत नाहीं. विषाची मात्र मिळूं शकते.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. १९२५ सालीं नंदुरबार येथें मनसुख वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले, आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर उत्तर कॅरोलिनांतील एका संशोधन संस्थेंत काम करूं लागले. त्या काळीं अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें एक अवाढव्य कार्य आरंभिलें होतें: जगभरांतून वनस्पति आणावयाच्या, त्यांचे अर्क काढावयाचे, आणि एकेक अर्क कर्करोगावर पारखावयाचा. सुमारें वीस वर्षांत एक लक्षाहून अधिक अर्क पारखले गेले. त्यांतून अखेर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेलीं मोठीं औषधें बोटांवर मोजण्याइतकीं. आणि त्यांतील दोन प्रमुख वॉल व वाणी या जोडीच्या हातांतून गेलीं. पहिलें कॅम्प्टोथेसिन, एका चिनी वृक्षाचें, १९६६ सालीं. दुसरें टॅक्सॉल, वायव्य अमेरिकेंतील यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतलें, १९७१ सालीं.

या दोन्हीं औषधांचा पुढचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. कॅम्प्टोथेसिन रुग्णांना देऊन पाहिलें, तेव्हां मूत्राशयांतून रक्तस्राव होऊं लागला, आणि १९७२ च्या सुमारास त्या परीक्षा बंद पडल्या. तेरा-चौदा वर्षें तें द्रव्य फडताळांत पडून राहिलें. मग १९८५ सालीं तें नेमकें काय करतें तें उमगलें. पेशींतील वंशसूत्र हा एक पिळलेला दोरखंड आहे असें समजा. पेशी दुभंगण्यापूर्वीं हा पीळ सैल करावा लागतो. तें काम एक विकर करतें. दोरखंडाचा एक पदर तोडावयाचा, पीळ सोडावयाचा, पुन्हां सांधावयाचा. कॅम्प्टोथेसिन या विकराला पदर तोडल्यानंतर सांधूंच देत नाहीं. जी पेशी घाईनें वाढते तीच आधीं मरते. हें कळल्यावर रसायनज्ञांनीं त्या रेणूंत फेरफार करून तो सौम्य आणि पाण्यांत विरघळणारा केला, आणि टोपोटेकन व इरिनोटेकन या त्याच्या दोन वंशजांना १९९६ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. द्रव्य सांपडल्यापासून तीस वर्षें! टॅक्सॉलच्या सालीचा पहिला नमुना १९६२ सालीं गोळा झाला, आणि औषधाला मान्यता मिळाली ती १९९२ च्या डिसेंबरांत. येथेंहि तीस वर्षें.

आणि एक गोष्ट विशेष. हीं दोन्हीं औषधें ऑक्सिडीकरण रोखून काम करीत नाहींत. तीं पेशींचीं विषें आहेत; मोजून, तोलून, पहारा ठेवून दिलेलीं विषें. म्हणून त्यांच्यामुळें केंस जातात, तोंड येतें, पांढऱ्या पेशी घटतात, आणि म्हणूनच प्रत्येक मात्रेपूर्वीं रुग्णाचें रक्त तपासावें लागतें. बांधावरच्या पाल्याला "सौम्य व निर्दोष" म्हणून आपण पसंत करतों. परंतु जें गांठीला मारण्याइतकें समर्थ आहे तें अंगाला अगदींच न लागणारें असेल, ही अपेक्षाच परस्परविरोधी आहे.

कॅम्प्टोथेसिनची गोष्ट चीन आणि अमेरिका येथेंच संपत नाहीं. १९७२ सालीं मुंबईला गोरेगांवच्या सिबा संशोधन केंद्रांत गोविंदाचारी आणि विश्वनाथन् या दोन रसायनज्ञांना तेंच द्रव्य सह्याद्रींतील एका लहान वृक्षांत सांपडलें, आणि तेंहि चिनी वृक्षापेक्षां कितीतरी अधिक प्रमाणांत: वाळल्या द्रव्याच्या हजारांत जवळजवळ एक भाग. या वृक्षाला आपल्याकडे नरक्या म्हणतात. त्याचा दर्प इतका उग्र आहे कीं त्याच्या जुन्या लॅटिन नांवांतहि दुर्गंधीचाच उल्लेख होता. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या बाजूंच्या दाट रानांत तो वाढतो. शतकानुशतकें त्याला कोणी विचारलें नव्हतें. तो औषधाचा निघाला आणि त्याचे दिवस फिरले. ज्या झाडाच्या खोडांत आणि मुळांत द्रव्य असतें तें झाड पानें खुडून भागत नाहीं; तें तोडावें लागतें, उपटावें लागतें. सातारा-कोल्हापूरकडील डोंगरांतून नरक्याचीं लांकडें चोरून पोत्यांनीं बाहेर जाऊं लागलीं, आणि आज हा वृक्ष धोक्यांतील वनस्पतींच्या यादींत जाऊन बसला आहे. तोडणाऱ्याला किलोमागें चार पैसे मिळतात. औषध होऊन परत येतें तेव्हां तें त्यालाच परवडत नाहीं.

टॅक्सॉलच्या बाबतींतहि हाच प्रसंग आला होता. एकेका रुग्णासाठीं कित्येक वृक्ष सोलावे लागत, आणि सोललेला वृक्ष मरतो. तेथें फ्रेंच रसायनज्ञांनीं तोड काढली. युरोपांतील यू वृक्षाच्या पानांत एक जवळचें द्रव्य सांपडतें. तें घेऊन उरलेली बांधणी प्रयोगशाळेंत पुरी करावयाची. पानें पुन्हां फुटतात, झाड जगतें. म्हणजे ज्ञान पुरतें झालें तर तें रुग्णालाहि वांचवितें आणि रानालाहि. अर्धवट राहिलें तर दोघांचाहि घात करतें.

अर्धवट ज्ञानाचें दुसरें उदाहरण बेल्जमचें आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्स येथें वजन उतरविण्यासाठीं कित्येक स्त्रियांना चिनी वनस्पतींचें चूर्ण देण्यांत आलें. दोन वनस्पतींचीं चिनी नांवें सारखीं. त्यामुळें एकीच्या जागीं दुसरी पडली. ती दुसरी ॲरिस्टोलोकिया कुळांतली निघाली. सुमारें शंभर जणींचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. पुढें ३९ जणींचीं निकामी मूत्रपिंडें काढून तपासलीं, तों त्यांतील १८ जणींना मूत्रमार्गाचा कर्करोग झालेला आढळला. २००० सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली. आपल्या काळ्या रानांत, शेतांच्या कडेला उगवणारी किडामारी ही याच कुळांतली आणि तेंच अम्ल बाळगणारी. वनस्पति औषधी असते, तशी ती रोग देणारीहि असते. आणि बांधावर दोघी शेजारीं शेजारीं उभ्या असतात. गुळवेलीसारख्या प्रतिष्ठित वेलीविषयींहि २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं, ती घेतलेल्या कांहीं रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचें नोंदविलें. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद कोणाच्याहि बाजूनें मिटो. रुग्णानें घेतलेली वस्तु कोणती, किती आणि किती दिवस, हें डॉक्टरांना ठाऊक असलें पाहिजे, एवढें त्यांतून निर्विवाद ठरतें.

आतां त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळतों. आघाड्यानें घोडें मारलेलें नाहीं. कदाचित् त्याच्यांतहि एखादें मोलाचें द्रव्य दडलेलें असेल. आपल्या विद्यापीठांतील आणि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतील मुलें जे अर्क काढीत आहेत, ते त्यांनीं अवश्य काढावेत. नोबल यांच्या हातीं आलीं तीं तरी थोडीं पानेंच होतीं. परंतु अर्क म्हणजे वाटेचा पहिला दगड. त्यापुढें द्रव्य वेगळें करणें, त्याचें कार्य समजणें, प्राण्यांवर पारखणें, मग माणसांवर, आधीं विषारीपणासाठीं आणि नंतर गुणासाठीं. ही वाट तीस वर्षांची. बाटलींतलें औषध ती वाट चालून आलें होतें, काढा पहिल्याच दगडाशीं बसला होता. विज्ञानाला तीस वर्षें थांबतां येतें. छातींतली गांठ चार महिनेहि थांबत नाहीं.

वेळेचें मोल काय असतें याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यांत आहे. पूर्वीचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव जिल्हा. तेथें १९९९ पासून ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ खेडुत स्त्रियांना घेऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयीं एक मोठा अभ्यास झाला. कांहीं गांवांतील स्त्रियांची एका विषाणूसाठीं केवळ एकदां तपासणी केली, आणि ज्यांच्यांत दोष आढळला त्यांवर तेव्हांच उपचार केले. आठ वर्षांनीं पाहिलें तों तपासणी न झालेल्या गांवांच्या मानानें तेथें या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्मे! २००९ सालीं हा निष्कर्ष जगापुढें आला. येथें नवें औषध नव्हतें, दुर्मिळ मुळी नव्हती. रोग लवकर पाहिला, एवढेंच. ज्या बायकांनीं संकोच बाजूस ठेवून ती तपासणी करून घेतली, त्यांनीं कोणत्याहि अर्काहून अधिक जीव वांचविले.

म्हणून ऐकणाऱ्या घरांना माझें तीन गोष्टींचें मागणें आहे. अंगांत गांठ, न भरणारें व्रण, अवेळीं रक्तस्राव असें कांहीं दिसलें तर आधीं तपासणी, मग इतर सर्व. उपचार चालू असतां काढा, चूर्ण, गोळ्या कांहींहि घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावें. ते रागावतील म्हणून लपवूं नये, कारण कित्येक वनस्पति औषधांच्या कार्यांत आड येतात, आणि किरणोपचाराचा तर बराचसा मार ऑक्सिडीकरणाचाच असतो. आणि तिसरें मागणें माझ्यासारख्या शिकलेल्यांस: कोणी एखाद्या औषधी झाडाचें नांव विचारलें तर नांव सांगण्यापूर्वीं "कोणासाठीं?" असें विचारावें. घरोघरीं हल्लीं एखादा जाणता असतो, तो बातमी वाचतो आणि पुढें पाठवितो. त्याच्या एका उत्साहामागें कोणाचे चार महिने जातील हें त्याला कळत नाहीं. मला कळलें नव्हतें.

त्या माउलीची शस्त्रक्रिया झाली. गांठ औषधानें बरीच आवरली होती, तरी काखेंतला भाग काढावा लागला, आणि तिचा एक हात अजून सुजतो. पुढचें काळच सांगेल. गेल्या पावसाळ्यांत मी चितेगांवाला गेलों तेव्हां ती अंगणांत बसली होती. डोक्यावर केंस पुन्हां आले होते, बारीक, लव्हाळ्यासारखे. तिच्या बाटलींत जें औषध होतें तें नंदुरबारच्या वाणींनीं शोधलेलें टॅक्सॉलच होतें, हें मीं तिला सांगितलें. तिला नवल वाटलें. "नंदुरबार म्हणजे आपल्याकडचेंच कीं!" ती म्हणाली. मग शेजारच्या घराकडे बोट करून हळूच म्हणाली, "गुरुजी, तिच्या सुनेलाहि गांठ आहे म्हणतात. काढा देणार होते. मीं उद्यांच्या गाडीनें धाडतें आहे."

बांधावर आघाडा तसाच उभा होता. त्या दिवशीं मीं त्याच्याविषयीं कोणाला कांहीं सांगितलें नाहीं.